ग्रंथांची देवघेव : वाचनालयापासून ई-पुस्तकापर्यंत

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या संस्थेस पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी साहित्यिक नव्हे, ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासकही नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन चाळीस वर्षे कापडाच्या व्यापारात घालवलेला मी एक सामान्य वाचक आहे. तरीही आजचा विषय मी आपण होऊन मागून घेतला, त्याला कारण आहे. सार्वजनिक ग्रंथालयात ज्या विभागातून पुस्तके घरी नेता येतात, त्याला ‘देवघेव विभाग’ असे नाव असते. देवघेव हा तर आपला, व्यापाऱ्यांचा शब्द. वसंत पंचमीला सरस्वतीची पूजा करणाऱ्यांनी आणि दिवाळीत चोपड्या पुजणाऱ्यांनी एकत्र बसून विचार करावा असा हा विषय आहे.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या वास्तूत एक ग्रंथालय उभारावे, अशी सूचना काही बंधूंकडून आली आहे. सूचना स्तुत्यच आहे. परंतु निर्णय होण्यापूर्वी पुस्तके उसनी देण्या-घेण्याची व्यवस्था कशी चालते, ती कशाने टिकते आणि कशाने मोडते, हे सर्वांनी जाणून घ्यावे, या हेतूने मी आज बोलणार आहे.

या भूमीवरील पहिले सार्वजनिक वाचन

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिला वाचनाचा फार जुना वारसा आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. आपल्या आगमांच्या भाषेची ती सख्खी बहीणच म्हणायची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा हा ठेवा आज जतन केलेला आहे.

हा लेख राजवाड्यात नव्हता, भर बंदरात होता. व्यापारी, खलाशी, हमाल, यात्रेकरू यांपैकी ज्याला अक्षर येत होते त्याने वाचावा आणि ज्याला येत नव्हते त्याने ऐकावा, यासाठी तो कोरलेला होता. वाचनासाठी शुल्क नव्हते, जातीची किंवा पंथाची अट नव्हती. सार्वजनिक वाचनाची याहून जुनी खूण आपल्या तालुक्यात दुसरी नाही. दगडाची मर्यादा एकच, तो घरी नेता येत नाही. ती उणीव पुढे पोथीने व पुस्तकाने भरून काढली. पण पोथी घरी नेऊ द्यायची की नाही, हा प्रश्न मात्र तेव्हापासून आजपर्यंत उभा आहे.

जपणे आणि देणे

ग्रंथ जपण्याच्या बाबतीत आपल्या समाजाने केलेले कार्य जगाने वाखाणले आहे. पाटण आणि जेसलमेर येथील ज्ञानभांडारांत शतकानुशतके ताडपत्रे सुरक्षित राहिली. कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी करण्यामागे पोथ्या उघडाव्यात, त्यांची धूळ झटकावी, कीड लागली आहे का ते पाहावे, वेष्टने बदलावीत, ही व्यवहारी दृष्टीही होती. वर्षाकाठी एकदा मालाची मोजदाद करणारा व्यापारी आणि पोथ्यांची मोजदाद करणारा श्रावक यांत फरक नाही.

परंतु जपण्याचीही एक सीमा असते. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेचे उदाहरण पाहा. तिच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे होत्या. भाविक दुरून येत, दर्शन घेत आणि परत जात. कित्येक पिढ्यांना तो ग्रंथ वंदनीय होता, वाचनीय नव्हता. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी त्याची प्रतिलिपी व्हावी म्हणून खटपट केली. शेवटी डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील अमरावतीहून त्याचा पहिला खंड छापून निघाला आणि पुढे सोळा खंडांत ते कार्य पूर्णत्वास गेले. त्याचा खर्च शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या नावाच्या साहित्योद्धारक फंडातून झाला. त्याच १९३९ साली पाटण येथे निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली भांडारे एका छताखाली आणणारे हेमचंद्राचार्य ज्ञानमंदिर उघडले. मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी पाटण आणि जेसलमेर येथील हस्तलिखितांच्या सूची तयार करण्यात आयुष्य वेचले.

या थोर मंडळींनी पोथ्यांचा अनादर केला असे कोणी म्हणेल का? त्यांनी पोथी वाचकापर्यंत नेली. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतील पहिल्याच नियमाचा आशय असा की ग्रंथ उपयोगासाठी असतात. आपल्या या मंडळींनी तो नियम त्यांच्या परीने आधीच ओळखला होता.

महाराष्ट्राने उभारलेली व्यवस्था

सार्वजनिक वाचनालये महाराष्ट्राला नवी नाहीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत आपण ज्या जिल्ह्याचे रहिवासी होतो, त्या ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हे त्याचे एक संस्थापक. वयाने तरुण, घरचा व्यवसाय सांभाळणारे गृहस्थ होते ते. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. या बहुतेक संस्था लोकांनी वर्गणी काढून, कोणाच्या तरी ओसरीवर किंवा भाड्याच्या खोलीत सुरू केल्या.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तर याहून मोठी झेप घेतली. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास बोलावले. गावाने वर्गणी जमवावी आणि तिच्यात सरकारने भर घालावी, अशी त्यांची पद्धत होती. जेथे वाचनालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. पेटी आली की गाव वाचे. वाचून झाले की पेटी पुढच्या गावी जाई. फेरीवाला गाठोडे घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जातो, तसा ग्रंथ वाचकाच्या दारात गेला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. तो देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो.

राज्य स्थापनेनंतर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की वाचनालय लोकांच्या संस्थेने चालवायचे आणि शासनाने त्यास मान्यता व अनुदान द्यायचे. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, वाचनालय किती वेळ उघडे असते, अशा निकषांवर अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. आज राज्यात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत. २०२२ मध्ये शासनाने त्यांच्या अनुदानात साठ टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला. तरीही लहान वाचनालयातील ग्रंथपालाचे मानधन आपल्या दुकानातील नवख्या मुलाच्या पगाराएवढेही नसते, ही वस्तुस्थिती आहे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. सभासद घटले की वर्गणी घटते, एवढ्यावर भागत नाही. वर्ग टिकवणे कठीण होते, वर्ग उतरला की अनुदान उतरते, अनुदान उतरले की नवी पुस्तके येत नाहीत आणि नवी पुस्तके नाहीत म्हणून उरलेले सभासदही येईनासे होतात. उतरती कळा लागलेल्या पेढीचे गणित आपणांस मी समजावून सांगायला नको. आपल्या परिसरातील वाचनालयांत आज स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची अभ्यासिका भरलेली दिसते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती मुले आपली पुस्तके घरून आणतात. शेजारच्या खोलीत देवघेवीच्या टेबलापुढे मात्र दोन-चार ज्येष्ठ नागरिक उभे असतात. ती पिढी गेल्यावर त्या टेबलापुढे कोण उभे राहणार, हा खरा प्रश्न आहे.

देवघेवीचे अर्थशास्त्र

आता थोडे हिशेबाचे बोलू. कापडाचे एक थान वर्षभर फळीवर पडून राहिले, तर घडीवर पिवळी रेघ उमटते. ते विकले जात नाही आणि त्यात गुंतलेला पैसाही मोकळा होत नाही. व्यापारात नफा मालाच्या साठ्यात नसतो, तो मालाच्या फिरण्यात असतो. पुस्तकाचेही तसेच आहे. समजा, चारशे रुपयांचे एक पुस्तक मी विकत घेतले, एकदा वाचले आणि कपाटात ठेवले. त्या एका वाचनाची किंमत चारशे रुपये झाली. तेच पुस्तक वाचनालयाने घेतले आणि चाळीस जणांनी नेले, तर प्रत्येक वाचन दहा रुपयांत पडले. शिवाय पुस्तक शिल्लक आहेच.

मी वाणिज्याचा विद्यार्थी असताना हिशेबशास्त्राचा जाडजूड ग्रंथ विकत घेणे आमच्या घरास परवडणारे नव्हते. विरार लोकलने महाविद्यालयास जाता-येता मी वाटेवरच्या एका सार्वजनिक वाचनालयाचा सभासद झालो. अनामत रक्कम भरली, महिन्याची वर्गणी ठरली. आठवड्याच्या मुदतीने पुस्तक घरी येई. त्याच्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असे. त्यावरच्या शिक्क्यांवरून कळे की माझ्या आधी कित्येकांनी याच पुस्तकावर परीक्षा दिली आहे. काहींनी उदाहरणांची उत्तरे पेन्सिलीने तपासून बरोबरची खूण केलेली असे. ते विद्यार्थी कोण, कोठले, हे मला कधीच कळले नाही. पण माझी पदवी त्यांच्या आणि त्या वाचनालयाच्या सोबतीने झाली आहे.

आजच्या वसई-विरारमध्ये तर याची गरज अधिकच आहे. नव्या संकुलांत एक खोली-स्वयंपाकघराच्या घरात राहणाऱ्या तरुण दांपत्याकडे पुस्तकांचे कपाट ठेवायला जागा कोठून येणार? अशा कुटुंबासाठी सार्वजनिक वाचनालय हीच त्यांची पुस्तकांची खोली. लहान मूल गोष्टींची पुस्तके आठवड्याला दोन या गतीने संपवते. ती सगळी विकत घेणे सधन कुटुंबासही जमणारे नाही.

व्यापारात आपण ‘जांगड’ म्हणून माल देतो. पावती लिहितो, मुदत ठरवतो आणि विश्वासावर माल सोडतो. वाचनालयाची देवघेव ही एक प्रकारची जांगडच आहे. फरक इतकाच की येथे माल परत आला की तो अधिक मोलाचा झालेला असतो, कारण एक वाचक त्यातून काही घेऊन गेलेला असतो आणि पुस्तकात तूट आलेली नसते.

ई-पुस्तक : खरेदी की जांगड?

तरुण मंडळी म्हणतील, “काका, आता सगळे मोबाईलवर मिळते. वाचनालयात कोण जातो?” त्यांचे म्हणणे मी टाळणार नाही, कारण ते अर्धे खरे आहे.

माझी कन्या न्यू जर्सीत राहते. तिच्या गावचे सार्वजनिक ग्रंथालय स्थानिक करांतून चालते. सभासदत्वास पैसे पडत नाहीत. ग्रंथालयाच्या कार्डाचा क्रमांक ‘लिबी’ नावाच्या ॲपमध्ये घातला की ई-पुस्तके आणि ध्वनिपुस्तके उसनी मिळतात. ‘ओव्हरड्राइव्ह’ या कंपनीने हे ॲप २०१७ मध्ये आणले. नात रात्री अंथरुणात पडून पुस्तक मागवते, क्षणात येते. मुदत दोन-तीन आठवड्यांची असते आणि ती संपली की पुस्तक आपोआप परत जाते. दंड नाही, फाटणे नाही, हरवणे नाही. ऐकून मला मोठे कौतुक वाटले.

एक गोष्ट मात्र चटकन कळली नाही. नातीला एका पुस्तकासाठी सहा आठवडे प्रतीक्षा यादीत थांबावे लागले. मी म्हटले, संगणकातल्या पुस्तकाची प्रत काढायला कितीसा वेळ लागतो? मग थांबायचे का? चौकशी केल्यावर उलगडा झाला. ग्रंथालय ते पुस्तक विकत घेत नाही. प्रकाशकाकडून परवाना घेते. एका परवान्यावर सहसा एका वेळी एकच वाचक. परवान्यालाही मुदत असते किंवा वापराची मोजदाद असते. हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशन संस्थेने २०११ मध्ये नियम केला की ग्रंथालयास दिलेले ई-पुस्तक सव्वीस वेळा उसने दिले गेले की परवाना संपला. पुढे हवे असल्यास पुन्हा पैसे भरा. आमच्या धंद्यात सव्वीस धुण्यांनंतर हवेत विरून जाणारे लुगडे कोणी विकायला काढले, तर गिऱ्हाईक दुकानात पाऊल ठेवणार नाही!

कागदी पुस्तकाचे असे नसते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, एकदा बाजारात आलेली छापील प्रत पुढे कोणाच्या हाती जावी यावर प्रकाशकाचे नियंत्रण राहत नाही. त्या प्रतीचे पैसे त्याला मिळाले, प्रत वाचनालयाची झाली. ती शंभर जणांना द्या, बांधणी करून पुन्हा शंभर जणांना द्या. ई-पुस्तक मात्र पैसे भरूनही जांगडच राहते. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या तक्रारीवरून जॉर्ज ऑर्वेलची काही पुस्तके लोकांच्या ‘किंडल’मधून परस्पर काढून घेतली. पैसे परत केले, हे खरे. पण विकलेला माल गिऱ्हाइकाच्या घरातून त्याला न विचारता उचलता येतो, हे त्या दिवशी जगाला कळले.

अमेरिकेतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेने दुसरा मार्ग काढून पाहिला. स्वतःजवळ असलेल्या छापील पुस्तकाची छायाप्रत काढायची आणि तेवढ्याच संख्येने ती उसनी द्यायची. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, तिने काही महिने संख्येची अटही उठवली. चार प्रकाशकांनी दावा लावला. २०२३ मध्ये निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला आणि २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. लेखक-प्रकाशकांनाही पोट आहे, हे आपण व्यापारी समजू शकतो. पण ग्रंथालय जर कधीच कशाचे मालक होणार नसेल, तर पन्नास वर्षांनी त्याच्या भांडारात काय उरेल, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

म्हणून माझे मत असे की ई-पुस्तक हे वाचनालयाला पूरक आहे, पर्याय नाही. शिवाय मराठी पुस्तकांसाठी लिबीसारखी, गावोगावच्या वाचनालयांना जोडणारी व्यवस्था आपल्याकडे अद्याप रूढ झालेली नाही. ती होईल तेव्हा तीही याच वाचनालयांच्या आधाराने होईल. मूळ संस्थाच राहिली नाही, तर जोडायचे कोणाला?

दत्त आणि अदत्त

येथे मला एका नाजूक गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. हल्ली व्हॉट्सॲपवर नव्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ सर्रास फिरतात. पाठवणारा ‘ज्ञानदान’ म्हणून पाठवतो, घेणाराही हात जोडून घेतो. परंतु श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे नावच अदत्तादान-विरमण आहे. जे दिलेले नाही, ते घ्यायचे नाही. या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे वापरणे जसे येते, तसे ‘तदाहृतादान’ही येते, म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेली वस्तू स्वीकारणे. दुकानात आपण गज इंचाइंचाने खरा ठेवतो. मोबाईलवर तोच नियम सुटतो कसा?

याउलट वाचनालयातून आणलेले पुस्तक हे दत्त आहे. लेखकाला त्याचे मानधन मिळाले, विक्रेत्याला त्याचा भाग मिळाला, वाचनालयाने ते रीतसर दाखल केले आणि आपण मुदतीने मागून घेतले. उसने घेणे ही गरिबीची खूण नाही. व्रताशी सुसंगत अशी ती वाचनाची रीत आहे.

आणि रीतसर, विनामूल्य मिळणारेही पुष्कळ आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो, नंतर ते साहित्य सर्वांचे होते. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी यांचे १९१९ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांचे साहित्य केव्हाच मुक्त झाले आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांची पुस्तके २०११ पासून मुक्त आहेत. मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्यात कोणालाही विनाशुल्क नाव नोंदवता येते. उत्तर अमेरिकेतील जैन संस्थांच्या ‘जैना’ या महासंघाच्या प्रयत्नांतून चालणाऱ्या जैन ई-लायब्ररीत आपल्या आगमांपासून मुलांच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत हजारो ग्रंथ आहेत. मूडबिद्रीला ज्याचे दुरून दर्शन घ्यावे लागे, तशा ग्रंथांची पाने आज विरारच्या एखाद्या आजीबाईंना घरबसल्या मोठ्या अक्षरांत वाचता येतात. चष्म्याचा नंबर वाढलेल्यांसाठी तर हे वरदानच आहे.

तीन विनंत्या

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या वास्तूत ग्रंथालय उभारण्याची कल्पना मांडणाऱ्या बंधूंचा हेतू शुद्ध आहे. परंतु ग्रंथालय म्हणजे कपाटे नव्हेत. पहिल्या वर्षी उत्साह असतो, उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. तिसऱ्या वर्षी नवी खरेदी थांबते. पाचव्या वर्षी ‘किल्ली कोणाकडे आहे?’ एवढाच प्रश्न उरतो. प्रशिक्षित ग्रंथपाल, ठरलेली वेळ, दरवर्षीची खरेदी आणि येणारा वाचक या चार पायांवर ग्रंथालय उभे राहते. हे चारही पाय आपल्या परिसरातील शासनमान्य वाचनालयांत थोडेफार डगमगत का होईना, पण उभे आहेत. त्यांना टेकू द्यावा की शेजारी पाचवे अधू टेबल मांडावे, याचा विचार व्हावा. माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली : सुवर्णमहोत्सवी निधीतील काही भाग विद्यार्थ्यांच्या वाचनालय-वर्गणीसाठी राखावा. जो विद्यार्थी जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचा सभासद होईल, त्याची अनामत आणि पहिल्या वर्षाची वर्गणी संस्थेने भरावी. यात जात, धर्म, पंथ विचारू नये. वसईत हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम, जैन पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत. वाचनालयाचे टेबल सर्वांचे एकच आहे.

दुसरी : ज्या रकमेची सर्वसाधारण पुस्तके आपण घेणार होतो, ती ग्रंथपालाला विचारून, वाचकांना हवी असलेली पुस्तके घेऊन वाचनालयास द्यावीत. घरातील जुनी रद्दी दान म्हणून देऊ नये. आपल्याकडील धार्मिक ग्रंथ आणि हस्तलिखिते मात्र आपल्याच ज्ञानभांडारात राहावीत. त्यांची नीट सूची करावी, दुर्मीळ असेल त्याची छायाप्रत काढून अभ्यासकांना खुली करावी.

तिसरी : दर रविवारी व्याख्यानानंतर एक तास आपल्या तरुणांनी ज्येष्ठांजवळ बसावे आणि त्यांच्या मोबाईलवर राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, विश्वकोश आणि जैन ई-लायब्ररी कशी उघडायची, अक्षर मोठे कसे करायचे, हे शिकवावे. याला खर्च शून्य आहे.

मला एका ज्येष्ठ विश्वस्तांनी खासगीत विचारले, “असे केले तर आपल्या संस्थेचे नाव कोठे राहणार?” प्रश्न योग्य आहे, दात्यांना उत्तर द्यावे लागते. माझे उत्तर भुईगावच्या शिलालेखात आहे. त्या नवव्या लेखाचा आशय असा की लोक आजारपणात, विवाहात, प्रवासाला निघताना नाना मंगल विधी करतात; पण मोठे फळ देणारे मंगल म्हणजे सदाचरण, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान. बावीसशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर हे लिहिले गेले. महोत्सवाचा मंडप चार दिवसांत उतरेल. एखाद्या मुलीने आपल्या वर्गणीवर घरी नेलेले पुस्तक मात्र तिच्याजवळ राहील, आणि ते परत आले की दुसऱ्या मुलाकडे जाईल.

विश्वस्त मंडळाने या विनंत्यांचा विचार येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी करावा, अशी नम्र प्रार्थना करतो. पहिल्या वर्षाच्या वर्गणी निधीत माझ्या पेढीतर्फे पंचवीस विद्यार्थ्यांचा भार उचलण्याचे मी येथे जाहीर करतो. त्यासाठी नावाची पाटी नको.